गळा आणि चेहरा

‘माय फेअर लेडी’ या संगीत नाटकातली एलायझा डूलिटल आज कोणालाच पुरती भेटत नाही; ती अर्धी अर्धी भेटते. १९५६ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ही फुलवाली ज्या मुलीने प्रथम उभी केली, तिचे गाणे ध्वनिमुद्रिकेवर ऐकायला मिळते. पण तिला घेऊन बोलपट निघालाच नाही. १९६४ साली जो निघाला त्यात एलायझा दिसते, आणि फार सुरेख दिसते. परंतु ती गाऊ लागली की गळा बहुतेक वेळा तिसऱ्याच बाईचा असतो. म्हणजे एक एलायझा कानांच्या वाट्याला आली आणि दुसरी डोळ्यांच्या. कानांच्या वाट्याला आली ती ज्यूली अँड्र्यूज. डोळ्यांच्या वाट्याला आली ती ऑड्री हेपबर्न.

हिंदी बोलपटांवर पोसलेल्या आपल्या मनाला यात वावगे काही वाटणार नाही. नायिकेने ओठ हलवावेत आणि लताबाईंनी किंवा आशाबाईंनी गावे, हा व्यवहार आपण इतका पचवला आहे की तो व्यवहार आहे हेही विसरून गेलो आहोत. पण याच महाराष्ट्रात संगीत नाटकाचा प्रेक्षकही होऊन गेला. गद्य बोलता बोलता नट पदावर कधी आला आणि पदावरून पुन्हा गद्यावर कधी उतरला हे कळू नये, यातच त्या प्रेक्षकाला कसब दिसे. गळा आणि चेहरा एकाच माणसाचा असावा ही त्याची साधी अपेक्षा होती. ज्यूली अँड्र्यूजचा रंगभूमीवरून पडद्यावर झालेला प्रवास मला त्या जुन्या प्रेक्षकाच्या डोळ्यांनी पाहावासा वाटतो.

ही हकीगत सहसा एखाद्या सूडकथेसारखी सांगितली जाते. चित्रपटवाल्यांनी तिला डावलले, तिने दुसऱ्याच चित्रपटात काम करून ऑस्कर पारितोषिक पटकावले, आणि डावलणारे हात चोळीत बसले! गोष्ट खोटी नाही आणि सांगायला चटकदारही आहे. पण ती ऐकून ज्यूली अँड्र्यूजच्या कलेविषयी काहीच कळत नाही. मला वाटते ते असे : तिच्या गाण्यात अभिनय पहिल्यापासून नव्हता. तो तिला कष्टाने मिळवावा लागला. आणि एकदा मिळवल्यावर गाणे आणि अभिनय यांची तिने पुन्हा फारकत होऊ दिली नाही. पडद्याने तिच्या या एकाच गुणाचे चीज केले, आणि पुढे त्याच गुणाचा त्याला कंटाळाही आला.

तिचा जन्म १ ऑक्टोबर १९३५ रोजी इंग्लंडातल्या सरे परगण्यात, वॉल्टन-ऑन-टेम्स या गावी झाला. आई पियानो वाजवणारी. सावत्र वडील टेड अँड्र्यूज गायक. गाणी, नकला, जादू, कसरती असा सगळा फराळ एकाच ताटात वाढणारे जे ‘व्हरायटी’चे जलसे इंग्लंडात होत, त्यांत हे जोडपे कार्यक्रम करी. मुलीचा गळा वयाच्या मानाने फार मोठा आहे हे ध्यानात आल्यावर तिला लिलियन स्टाइल्स-ॲलन या नामांकित गायिकेकडे शिकायला घातले. या बाईंचा कटाक्ष शब्दोच्चारावर असे. सूर कितीही उंच जावो, शब्द पुसट होता कामा नये. व्यंजन स्पष्ट पडलेच पाहिजे. ही शिकवण वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

१९४७ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, लंडनच्या हिप्पोड्रोम नाट्यगृहात ‘स्टारलाइट रूफ’ या कार्यक्रमात तिने एका फ्रेंच संगीतिकेतले कमालीचे अवघड गाणे म्हटले आणि लोकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतले. पुढच्याच वर्षी राजघराण्यासमोर होणाऱ्या कार्यक्रमातही ती गायली. पण हे कौतुक कशाचे होते? आपल्याकडे गणेशोत्सवात एखादे चिमुरडे पोर अवघड नाट्यपद खणखणीत म्हणून दाखवते आणि मांडवातली मंडळी तोंडात बोट घालतात, तशातलेच ते. पोराने तान घेतली याचे नवल; त्या पदात कोणाचे सुखदुःख आहे याची चौकशी कोणी करीत नाही. त्याच सुमारास एका मोठ्या अमेरिकन चित्रसंस्थेने तिची चाचणीही घेतली, आणि ही मुलगी पडद्यावर शोभण्यासारखी नाही असा निर्वाळा दिला. थोडक्यात, या वयात ज्यूलीपाशी गळा होता. चेहरा अजून यायचा होता.

१९५४ साली ‘द बॉय फ्रेंड’ या संगीत नाटकाने ती ब्रॉडवेवर आली. पहिला प्रयोग झाला तो तिच्या एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री. त्यानंतर तिला दोन दारे एकदम उघडी दिसली. संगीतकार रिचर्ड रॉजर्स याने तिचे गाणे ऐकले होते आणि तिला आपल्या नव्या नाटकात घेण्याचा त्याचा विचार होता. पण ‘माय फेअर लेडी’वाले बोलावीत असतील तर तिकडे जा, असा सल्ला त्यानेच दिला. स्वतःच्या नाटकाचे नुकसान सोसून दिलेला असा सल्ला नाटकधंद्यात क्वचितच ऐकू येतो.

‘माय फेअर लेडी’ हे बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून रचलेले. ‘पिग्मॅलियन’ मराठी वाचकांना परके नाही, त्यावरूनच पु. ल. देशपांड्यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले आणि १९७५ साली भक्ती बर्वे यांनी त्यातली मंजुळा साकारली. ज्यांनी मंजुळा पाहिली त्यांना या भूमिकेतली खोच समजावून सांगायला नको. फुलवालीची रांगडी बोली नटीने उसनी आणलेली वाटता कामा नये; आणि पुढे शिकलेली शुद्ध बोली मात्र आरंभी फुलवालीला उसनी वाटली पाहिजे, मग हळूहळू ती तिची स्वतःची झाली पाहिजे. ज्यूली इंग्रज खरी, पण लंडनच्या गल्लीबोळांतली कॉक्नी बोली काही तिची नव्हे. ती बोली तिला न्यूयॉर्कमध्ये एका अमेरिकन उच्चारतज्ज्ञाने शिकवली! शॉला ही गंमत कळती तर त्याने तिच्यावर एक प्रस्तावना लिहिली असती.

तालमी सुरू झाल्या तेव्हा तिचे काम कच्चे होते. प्रोफेसर हिगिन्सची भूमिका करणारा रेक्स हॅरिसन तर उघड उघड वैतागला. तेव्हा दिग्दर्शक मॉस हार्ट याने बाकीच्या मंडळींना रजा दिली आणि दोन दिवस तिला एकटीला घेऊन वाक्यावाक्याने भूमिका घोटून घेतली. चुचकारून झाले, रागावून झाले, स्वतः करून दाखवून झाले. त्या अठ्ठेचाळीस तासांचे ऋण ती पुढे जन्मभर सांगत आली. १५ मार्च १९५६ रोजी पहिला प्रयोग झाला. त्या नाटकाचे ब्रॉडवेवर २,७१७ प्रयोग झाले. आठवड्याला आठ या हिशेबाने न्यूयॉर्क आणि मग लंडन येथे ती सुमारे साडेतीन वर्षे ही भूमिका करीत होती.

त्या नाटकाची ध्वनिमुद्रिका मी पुष्कळदा ऐकली आहे. तिच्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते प्रोफेसरच्या नावाने बोटे मोडणारे गाणे. या प्रोफेसरला राजाकडून देहदंड देववण्याची स्वप्ने एलायझा त्यात रंगवते. एकाच गाण्यात ती रडकुंडीला येते, दात ओठ खाते, मनातल्या मनात दरबारात जाऊन मिरवते आणि पुन्हा धाडकन जमिनीवर येते. सूर कोठेही सुटत नाही. पण सूर लावलाय असेही कोठे वाटत नाही. हिप्पोड्रोममध्ये तान घेणारी पोर हीच काय, असा प्रश्न पडावा. ध्वनिमुद्रिकेत चेहरा नसतो, तरी या गाण्यात मला चेहरा दिसतो. गाणाऱ्या नटीची परीक्षा याहून वेगळी काय असते?

रंगभूमी आणि पडदा यांच्या मधला एक ओटा तिला नशिबाने मिळाला. ३१ मार्च १९५७ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांचे ‘सिंड्रेला’ हे संगीत नाटक थेट प्रक्षेपित झाले. खास दूरचित्रवाणीसाठी लिहिलेल्या या नाटकाची नायिका ज्यूली होती. ते एका रात्रीत दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिले असा अंदाज आहे. म्हणजे नाटकासारखे एका दमात करायचे, चुकले तर पुन्हा नाही. पण समोर प्रेक्षक नाही, कॅमेरा आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज पोचवायची सवय लागलेल्या नटीला येथे चार हातांवरच्या डोळ्याशी बोलावे लागते. आवाज तोच ठेवून भाव आवरता घ्यायचा, हा धडा तिने त्या रात्री गिरवला असावा असा माझा तर्क आहे.

आता त्या डावलण्याची गोष्ट. निर्माता जॅक वॉर्नर याने ‘माय फेअर लेडी’चे चित्रपटाचे हक्क पंचावन्न लाख डॉलरला घेतले. एवढा पैसा ओतणाऱ्याला गावोगाव माहीत असलेले नाव हवे होते. ज्यूलीचे नाव ब्रॉडवेबाहेर तितके पोचले नव्हते. त्याने ऑड्री हेपबर्नला घेतले. व्यापारी म्हणून तो चुकला असे म्हणवत नाही. त्या चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही होते. हेपबर्नचाही यात दोष नाही. तिने गाण्याची मेहनत केली होती, गाणी ध्वनिमुद्रितही केली होती. पण अखेरीस त्यांतला थोडासाच भाग ठेवून बाकीचे सारे मार्नी निक्सन या गायिकेकडून गाऊन घेण्यात आले. माझी तक्रार आहे ती येथे. एलायझाची कथा ही मुळी तिच्या तोंडाची कथा आहे. या मुलीच्या तोंडून काय निघते यावर तिचे भाग्य ठरते. तिच्याच तोंडी दुसरीचा आवाज घालणे म्हणजे शॉच्या मुद्द्यालाच पाने पुसणे होय. हिगिन्स एलायझावर जी सक्ती करतो, तीच चित्रसंस्थेने हेपबर्नवर केली.

ज्यूली त्या वेळी ‘कॅमेलॉट’ या दुसऱ्या संगीत नाटकात राणीचे काम करीत होती. ते नाटक पाहून वॉल्ट डिस्ने तिला भेटला आणि ‘मेरी पॉपिन्स’साठी विचारले. तिला दिवस गेले होते. डिस्नेने सांगितले, आम्ही थांबू. तो थांबला. नोव्हेंबर १९६२ मध्ये मुलगी झाली आणि १९६३ साली चित्रण झाले.

‘मेरी पॉपिन्स’ हा मुलांचा चित्रपट म्हणून पुष्कळ मोठी माणसे तो मुलांना दाखवतात आणि स्वतः पेंगतात. त्यांनी एकदा जागे राहून तो पाहावा. छत्री उघडून आभाळातून उतरणारी ही दाई. तिचे पाय बाहेर वळलेले, पाठ ताठ, प्रत्येक व्यंजन इस्त्री केलेले. ती कशाचाही खुलासा करीत नाही. मुलांना निजवताना ती मोठ्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून पाखरांचे दाणे विकणाऱ्या म्हातारीचे गाणे म्हणते. त्यात ती गळ्याचा दहावा हिस्साही खर्च करीत नाही. नाटकातल्या गायिकेला पडद्यावर हे जमणे सर्वांत कठीण. हाताशी असलेली श्रीमंती दाखवायची नाही. आणि शेवटी मुले बापाबरोबर पतंग उडवायला धावतात, हिला विसरतात. छत्रीच्या मुठीवरचा पोपट तिला टोचून बोलतो. ती शिस्तीत उत्तर देते, पण डोळे क्षणभर शिस्त मोडतात. तेथे गाणे नाही. लहानपणी पडद्याला न शोभणारा ठरलेला तो चेहरा एकट्याने सारा प्रसंग पेलतो.

त्याच वर्षी तिने ‘द अमेरिकनायझेशन ऑफ एमिली’ हा गाणे नसलेला चित्रपट केला. महायुद्धात नवरा, भाऊ, बाप गमावलेली लंडनची मोटारचालक बाई, आणि मरणाला भिण्यातच शहाणपण आहे असे मानणारा एक अमेरिकन अधिकारी, असा तो कडवट विषय. हा चित्रपट तिला स्वतःला विशेष प्रिय आहे. गळ्यावाचून तिचे काही अडत नाही याचा पुरावा ज्यांना हवा असेल त्यांनी तो १९६४ सालातच शोधावा.

५ एप्रिल १९६५ रोजी ऑस्कर समारंभात ‘मेरी पॉपिन्स’साठी ती सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. हेपबर्नचे नाव नामांकनातही नव्हते. त्याआधी गोल्डन ग्लोब घेताना ज्यूलीने जॅक वॉर्नरचे गोड शब्दांत आभार मानले होते, कारण त्याने नाकारले म्हणून ती ‘मेरी पॉपिन्स’साठी मोकळी राहिली. चिमटा असा काढावा की ज्याला काढला त्यालाही हसावे लागावे.

पण सूडकथा येथे संपवणाऱ्यांनी पुढचे पान उलटून पाहावे. १९६५ साली आलेल्या ‘द साउंड ऑफ म्यूझिक’मधली मारिया रंगभूमीवर १९५९ साली मेरी मार्टिनने उभी केली होती. पडद्यावर ती भूमिका मिळाली ज्यूलीला. म्हणजे वॉर्नरने तिच्या बाबतीत जे केले, तेच दुसऱ्या एका नटीच्या वाट्याला आले, आणि लाभ झाला हिचा. पडद्याची ही रीतच आहे. तो रंगभूमीचे घर विकत घेतो आणि भाडेकरू आपला ठेवतो. आणखी एक योगायोग पाहा. या चित्रपटात मठातल्या जोगिणींमध्ये एक सिस्टर सोफिया आहे. ती भूमिका केली मार्नी निक्सनने. जिचा गळा हेपबर्नच्या तोंडी घातला गेला ती बाई येथे स्वतःच्या चेहऱ्याने गायली, आणि तेही ज्यूलीच्या चित्रपटात. गळ्याला चेहरा परत मिळाला म्हणायचा.

साल्झबर्गजवळच्या डोंगरावरचा तो आरंभीचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. चित्रण करणारे हेलिकॉप्टर जवळून वळले की त्याच्या वाऱ्याने ती दर वेळी गवतावर आडवी होई. पुन्हा उठून पुन्हा चालत येई. गाणे आधीच ध्वनिमुद्रित झालेले. ओठ हलवणे तेवढे बाकी. म्हणजे येथेही पार्श्वगायन आहेच, पण स्वतःचेच स्वतःला. तरी तिच्या गळ्याच्या शिरा, खांदे, श्वास सारे त्या गाण्याबरोबर चालतात. आपल्याकडे १९७२ सालच्या गुलजारांच्या ‘परिचय’वर या चित्रपटाची छाया पडली आहे, ती पाहतानाही मूळची ही मोकळी छाती आठवते.

यानंतर पडद्याने आपला स्वभाव दाखवला. मुले सांभाळणारी, गोड गळ्याची, धुतल्या तांदळासारखी बाई, एवढेच लोकांना तिच्याकडून हवे झाले. हिचकॉकने १९६६ साली तिला ‘टॉर्न कर्टन’मध्ये घेतले खरे, पण तिचे काय करावे हे त्याला उमगलेले दिसत नाही. १९६८ साली ‘स्टार!’मध्ये तिने गर्ट्रूड लॉरेन्स या जुन्या इंग्रज संगीत-नटीची भूमिका केली. १९७० साली ‘डार्लिंग लिली’ आला. दोन्ही अफाट खर्चाचे, दोन्ही साफ पडले. भपकेदार संगीतपटांचा काळच सरत आला होता. पण दोष तिच्याही पदरात पडतो. तिचा तो स्वच्छपणा भूमिकेच्या मळाला हात लावायला कधी कधी कचरतो. लॉरेन्सची लहर, तिचा छचोरपणा ती दाखवते, पण त्यात लोळत नाही.

हा मळ तिला सापडला तो १९८२ साली, पती ब्लेक एडवर्ड्स याच्या ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’मध्ये. पॅरिसमध्ये उपाशी मरणारी एक गायिका, पोटासाठी पुरुष बनते, आणि तो पुरुष रंगमंचावर स्त्री बनून गातो! बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला यातली अर्धी गंमत सांगायला नको. उरलेली अर्धी अशी की येथे पुरुषानेच नव्हे, स्त्रीनेही स्त्रीची नक्कल करायची आहे. तिने ती अशा काही थंड मिस्कीलपणे केली की आपल्याच गोड प्रतिमेला तिने डोळा घातला असे वाटावे. १९९५ साली तीच भूमिका घेऊन ती ब्रॉडवेवर परतली. पुढच्या वर्षी टोनी पारितोषिकासाठी त्या नाटकातून तिचे एकटीचे नामांकन झाले, तेव्हा आपल्या सहकाऱ्यांना वगळले म्हणून तिने ते रंगमंचावरूनच नाकारले. पडद्याने मोठी केलेली ही नटी मनाने नाटक मंडळीतलीच राहिली होती.

आणि १९९७ साली घशावरच्या शस्त्रक्रियेनंतर तिचा गाण्याचा आवाज गेला. गायिकेच्या आयुष्यात याहून मोठे दुःख नाही. त्यावर शब्द घालवू नयेत. पण टीकाकाराला एक प्रश्न विचारावाच लागतो : आता काय उरले? २००१ सालच्या ‘द प्रिन्सेस डायरीज’मधली आजी-राणी पाहिली की उत्तर मिळते. नातीला चालणे, बसणे, बोलणे शिकवणारी ही राणी म्हणजे एलायझाच पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसली आहे. शिकणारी आता शिकवते आहे. त्याच चित्रपटाच्या २००४ सालच्या दुसऱ्या भागात तर ती थोडेसे गायलीही. खालच्या पट्टीत, अर्धे बोलत, अर्धे गात. उंच सूर त्यात नाहीत, पण प्रत्येक शब्द लखलखीत आहे. स्टाइल्स-ॲलनबाईंची शिकवण मी लक्षात ठेवायला सांगितली होती ती यासाठी. तिचे स्वर गेले, व्यंजने राहिली.

म्हणून मला तिचा प्रवास गळ्याकडून चेहऱ्याकडे झालेला वाटत नाही. तिने चेहरा गळ्यात आणला आणि गळा चेहऱ्यात. मग एक हरपल्यावर दुसऱ्याने संसार सांभाळला. एलायझाच्या चित्रपटाचे नुकसान मात्र भरून येण्यासारखे नाही, आणि कोणत्याही ऑस्करने ते भरून आले असे मी मानीत नाही.

२०२० साली ‘ब्रिजर्टन’ ही मालिका आली. तिच्यातल्या लेडी व्हिसलडाउनच्या चहाड्या सांगणारा आवाज ज्यूली अँड्र्यूजचा आहे. बाई कोठे दिसत नाहीत, गात नाहीत; नुसत्या बोलतात. घरातली तरुण मुले ती मालिका पाहत असतील तर वडील मंडळींनी पाच मिनिटे जवळ बसावे आणि डोळे मिटून ऐकावे. मग ‘माय फेअर लेडी’ची ती १९५६ ची ध्वनिमुद्रिका मुलांना ऐकवावी. दोन्हीकडे चेहरा नाही, आणि दोन्हीकडे तो दिसतो.